बॉल मोकळीला द्यायचा

नागनाथ बिराजदार हा माणूस दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. भाजीवालीनं आपणहून चार काड्या कोथिंबीर जास्त घातली, तर आज ही एवढी गोड का वागतेय म्हणून तो पिशवीतले टोमॅटो पुन्हा एकदा दाबून बघायचा. त्याची बायको शालन म्हणायची, "यांना साक्षात देवानं प्रसाद दिला ना, तरी आधी वास घेतील." ती चेष्टा करतेय हे नागनाथला कळायचं. वास घेण्यात वाईट काय, हे मात्र त्याला कधीच कळलं नाही.

स्वभावाला शोभेल असंच कामही मिळालं होतं. होसकोट्याला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, तिथं तो तपासणी खात्यात. पुढ्यात येणारा प्रत्येक नग खराब आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघालाच तर नाइलाजानं पुढं सोडायचा, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसांनाही तो तसंच तपासायला लागला, तर त्याला दोष तरी किती द्यायचा?

मूळचा तो भालकीचा, बिदरकडचा. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि दोन्ही भाषा सारख्याच तोंडात. कारखान्यात मात्र त्यानं मराठीचा पत्ता कुणाला लागू दिला नव्हता. पुण्याहून आलेले दोन साहेब त्याला कानडी माणूस समजून त्याच्यासमोर खुशाल मराठीत बोलायचे. कुणाला कुठल्या खात्यात टाकायचं, कुणाची बढती अडवायची, सगळं उघड. नागनाथ मान खाली घालून नग मोजपट्टीला लावत असायचा आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. घरी येऊन शालनला सगळं सांगायचा आणि वर उपदेश करायचा, "माणसानं तोंड उघडायच्या आधी आजूबाजूला बघावं. भिंतीलाही कान असतात." शालन म्हणायची, "भिंतीला कशाला, आपल्याच घरात आहेत की."

असा हा माणूस शनिवार-रविवार सकाळी इंदिरानगरच्या मराठी मंडळाच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायचा. फुकट, हौसेनं. मुली सोळा-सतरा वर्षांच्या, आई-बाप पुण्या-मुंबईहून, नागपुराहून आयटीच्या नोकरीसाठी आलेले. कॉलेजात असताना नागनाथ स्वतः खेळला होता, पण बचाव. समोरच्याच्या अंगाला चिकटून राहायचं आणि त्याच्या एकाही हालचालीवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही, ते रक्तातच होतं. आक्रमण मात्र तो घाम गाळून शिकला होता, आणि म्हणून शिकवायचाही जीव लावून.

"एका ताटात चौघी जेवायला बसू नका," तो ओरडायचा. "पांगा. दोघी जवळ उभ्या राहिलात की समोरची एकटी दोघींना सांभाळते. लांब उभ्या राहिलात तर तिला एकीला सोडावंच लागतं." एखादी बॉल देऊन जागेवरच उभी राहिली की तो कपाळाला हात लावायचा. "बॉल दिला म्हणजे काय लेक सासरी पाठवली? रडत उभं राहायचं नाही. पळ. बास्केटकडे पळ, तुझी तुला तिथंच परत मिळेल." कुणी घाईनं लांबूनच फेकला की म्हणायचा, तुझा शॉट चांगला होता, पण आणखी एक पास दिला असतास तर कुणाचा तरी याहून चांगला झाला असता. या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती. ती तो दर शनिवारी सांगायचा आणि मुली त्याच्या आवाजात ती एकमेकींना ऐकवायच्या. "बॉल मोकळीला द्यायचा. मैत्रिणीला नाही, उंच असेल तिला नाही, कॅप्टनला नाही. जी मोकळी, तिला."

गंमत बघा. पुढं धरलेल्या हातावर भरवसा टाकल्याशिवाय जो खेळ एक पाऊल सरकत नाही, तो खेळ शिकवायला हा गडी.

ही मोकळी मुलगी कुठं आहे ते सगळ्यांत आधी दिसायचं शाल्मलीला. ती मारतहळ्ळीहून यायची, अंगानं बारीक, बोलायला कमी. मान न वळवता ती असा पास द्यायची की घेणारीच दचकायची. बास्केट करायची सिद्धी, उंच, कॅप्टन, पण तिच्या हातात बॉल योग्य वेळी पोचायचा तो शाल्मलीमुळं. वर्षाच्या स्पर्धेच्या फायनलला जिल्ह्याचा संघ निवडणारी मंडळी येणार होती, आणि शाल्मलीचं सगळं चित्त तिकडं लागलं होतं. तसं ती तोंडानं कधी म्हणाली नाही. तिची आई मात्र नागनाथला भेटून म्हणाली होती, "सर, हिला दुसरं काही सुचत नाही हो."

स्पर्धेतल्या बाकीच्या संघांत कन्नड, हिंदी, इंग्रजी चालायचं. मराठी संघ हा एकच. त्यामुळं नागनाथनं चालींना मराठी नावं ठेवली होती आणि तो ती बेंचवरून बिनधास्त ओरडायचा. 'कोपरा' म्हटलं की बॉल कोपऱ्यात. 'मागून' म्हटलं की बचाव करणारीच्या पाठीमागून पळायचं. 'आड' म्हटलं की एकीनं मैत्रिणीच्या पाठलागावर असलेल्या मुलीच्या वाटेत आडवं उभं राहायचं. समोरच्यांना काय कप्पाळ कळणार, असा त्याचा हिशेब, आणि इतर संघांपुढं तो बरोबर यायचाही.

फक्त होसकोट्याच्या संघापुढं यायचा नाही.

त्या संघाचे कोच फत्तेसिंग म्हणून होते. पन्नाशी उलटलेले, पोट थोडं सुटलेलं, मुली त्यांना अण्णा म्हणायच्या. नागनाथशी ते कन्नडात दोन शब्द बोलायचे, ऊन फार आहे, ट्रॅफिक फार आहे, एवढंच. पहिल्या मॅचला नागनाथ 'कोपरा' म्हणून ओरडला आणि बघतो तर होसकोट्याची मुलगी कोपऱ्यात आधीच हजर. 'मागून' म्हटलं तर मागची वाट बंद. पुन्हा 'कोपरा', पुन्हा तेच. एकदा योगायोग, दोनदा योगायोग, पुढं मात्र नागनाथच्या मनात पाल चुकचुकली. मॅच हरली ती हरलीच, पण तो हरण्याचा विचार करत नव्हता. तो आपल्याच बेंचवरच्या एकेका मुलीकडे बघत होता.

बाकीच्या मुली बॅगा भरत होत्या तेव्हा शाल्मली त्याच्याजवळ आली. "सर, एक सांगू? आपण कॉल्स चेंज करायला हवेत. तुम्ही जे ओरडता ते त्यांना समजतं."

"समजतं म्हणजे? तुला कसं माहीत?"

"मला सांगितलं कुणीतरी."

"कुणी?"

शाल्मलीनं ओठ चावला. "नाव नाही सांगता येणार, सर. प्रॉमिस केलंय."

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं बाई सांगितलंस, चल बदलू या. नागनाथच्या डोक्यात उलटंच चक्र फिरलं. हिलाच कसं कळलं? बाकीच्या कुणाला नाही, हिलाच? आणि नाव का सांगत नाही? जो आगीची वर्दी घेऊन येतो त्याच्याच खिशात काडेपेटी असते, असं त्याचं जुनं मत होतं. शिवाय होसकोट्याची रक्षिता नावाची मुलगी आणि ही एकाच कॉलेजात होत्या, हे त्याला आत्ता आठवलं. मॅचच्या आधी दोघी पायऱ्यांवर एका मोबाइलमध्ये डोकं घालून हसत होत्या, आणि हा जवळून गेला तेव्हा एकदम गप्प झाल्या होत्या. पाणी मुरत होतं ते इथंच. "बरं," एवढंच तो शाल्मलीला म्हणाला आणि त्यानं चाली बदलल्या नाहीत.

त्या आठवड्यात एके दिवशी पाळी सुटल्यावर तो कारखान्याच्या बसमध्ये बसलाच नाही. होसकोट्याचा संघ सराव करायचा ते मैदान तिथून चालत जाण्यासारखं होतं. रस्त्यापलीकडे एक शहाळ्याची गाडी होती, तिच्या आडोशाला उभं राहून त्यानं शहाळं मागितलं आणि नळी तोंडात धरून तो मैदानाकडे बघत राहिला. एका बास्केटखाली रक्षिता होती, आणि तिच्यासोबत शाल्मली. दोघी आळीपाळीनं शॉट मारत होत्या. फत्तेसिंग हात मागं बांधून उभे होते, मधूनच काही सांगत होते, आणि शाल्मली मान डोलवत होती. मग तिनं कमरेवर एक हात ठेवला, मान पुढं काढली आणि दुसरा हात हवेत फेकत काहीतरी ओरडून दाखवलं. फत्तेसिंग पोट धरून हसले. आपली नक्कल माणसाला लांबूनही ओळखू येते. नागनाथला ती लागली, चांगलीच लागली, पण लागलं असं तो स्वतःशी म्हणाला नाही. तो म्हणाला, सापडली.

घरी भाकरी वाढता वाढता शालननं सगळं ऐकून घेतलं. "मैत्रिणीकडे खेळायला गेली असेल. तरणी पोर आहे, त्यात काय एवढं?"

"शत्रूच्या मैदानावर?"

"कसला शत्रू? बास्केटबॉल आहे तो. आणि एवढं वाटतंय तर तिलाच विचारा की."

"चोराला विचारायचं, बाबा तू चोर आहेस का?"

"आणि नसली तर?" शालन म्हणाली.

नागनाथनं ठेचा मागितला.

विचारायचं सोडून त्यानं केलं काय, तर सापळा लावला. कारखान्यात नव्या माणसाची परीक्षा घ्यायची एक रीत होती. चांगल्या मालात खूण केलेला एक खोटा नग सरकवायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघत बसायचं. तसंच त्यानं शाल्मलीला शनिवारी लवकर बोलावलं आणि एकटीला एक नवी चाल सांगितली. 'डावी रिकामी' असं ओरडलं की बाकीच्या चौघी उजवीकडे सरकणार आणि शाल्मलीनं मोकळ्या झालेल्या डाव्या बाजूनं बॉल घेऊन सरळ आत घुसायचं. पोरीचे डोळे चमकले. आपल्यासाठी सरांनी वेगळी चाल बसवली, असं तिला वाटलं. "थँक्यू सर," ती म्हणाली. ही चाल बाकीच्यांना त्यानं रविवारी कोर्टवर उतरता उतरता सांगितली. कुणाच्या तोंडून बाहेर जायला वेळच ठेवला नाही.

दुसरी मॅच होसकोट्याशीच होती. रंगात आली तशी नागनाथनं छाती भरून हाक दिली, "डावी रिकामी!"

पलीकडच्या बेंचवरून फत्तेसिंग लगेच ओरडले, "एडक्के नोडी." म्हणजे डावीकडे बघा. रक्षिता आणि आणखी एक मुलगी डावीकडे धावल्या, शाल्मली दोघींच्या मध्ये अडकली आणि बॉल गेला.

मॅच पुन्हा हातची गेली, पण नागनाथच्या तोंडावर काय समाधान होतं म्हणून सांगू. आपला संशय खरा ठरला की काही माणसांना लग्नघरात जेवून आल्यासारखं वाटतं. तो वळला, बाटलीतलं पाणी प्यायला आणि मनात म्हणाला, घरभेदी मिळाली. आपण ती चाल कुठल्या भाषेत ओरडलो, आणि डावी रिकामी याचा अर्थ मराठी येणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळेल, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. जन्मभर दुसऱ्याचं ऐकत आलेल्या या माणसाला आपलंही कुणी ऐकत असेल अशी शंका आली नाही. एवढ्या शंका येणाऱ्याला, हीच तेवढी नाही.

बाकी संघांना हरवून मुली फायनलला पोचल्या, आणि समोर पुन्हा होसकोटे. आता शाल्मलीचं करायचं काय? बेंचवर बसवली तर आई-बाप विचारणार, मंडळात बोभाटा होणार, आणि पुरावा दाखवा म्हटलं तर शहाळ्याच्या गाडीमागून बघितलं असं सांगायचं का? शिवाय एका मुलीचा पाय मुरगळला होता, म्हणजे पाच जणी उतरवायला शाल्मली हवीच. म्हणून त्यानं आपल्या मते मोठ्या मनाचा तोडगा काढला. सिद्धीला आणि बाकीच्या तिघींना बाजूला घेऊन तो म्हणाला, "आज शाल्मलीला बॉल द्यायचा नाही."

"का सर?" सिद्धीनं विचारलं.

"कारण आहे. मग सांगेन."

सिद्धीनं खांदे उडवले. कॅप्टन असली तरी तीही सतरा वर्षांचीच, आणि आज निवडणारे बघणार होते. बॉल जास्त वेळ आपल्याकडे राहणार, हे तिला काही वाईट वाटलं नाही.

फायनल मारतहळ्ळीतल्या एका शाळेच्या कोर्टवर होती. शाल्मलीचे आई-वडील टोप्या घालून पुढच्याच रांगेत बसलेले. निवडणारे तिघे जण सावलीत खुर्च्या टाकून होते. खेळ सुरू झाला आणि शाल्मली पळायला लागली. ती लांब उभी राहिली, जसं सरांनी शिकवलं तसं. बास्केटकडे धावली, दोन्ही हात पुढं. बॉल आला नाही. तिला वाटलं, आपणच चुकीच्या वेळी धावलो. मग ती कोपऱ्यात गेली, मग मागून आली, मग सिद्धीच्या पाठीवरची मुलगी अडवायला आड उभी राहिली आणि सुटून पुन्हा मोकळी झाली. पोरीनं त्याचं शिकवलेलं एकूण एक करून दाखवलं. आणि दर वेळी बॉल दुसरीकडे जात राहिला.

समोरच्यांना हे उमगायला कितीसा वेळ लागणार? शाल्मलीवर राखण असलेली रक्षिता तिला सोडून सिद्धीला अडवायला जाऊ लागली. म्हणजे होसकोट्याच्या पाच जणी आणि आपल्या चौघी, असा खेळ झाला. सिद्धीला श्वास घ्यायला जागा राहिली नाही, फलकावरचं अंतर वाढत गेलं. एकदा शाल्मली बास्केटच्या अगदी खाली एकटी उभी होती, आसपास चिटपाखरू नाही. बॉल तरीही आला नाही. तेव्हा तिनं बेंचकडे बघितलं आणि दोन्ही तळवे उघडे केले, सर, मी काय करू असं विचारल्यासारखे. नागनाथनं तिची नजर चुकवून फलकाकडे बघितलं. बघवत नव्हतं त्याला, हे खरं. पण तेवढ्यासाठी आपण चुकलो असू असं मानणारा तो नव्हता.

अर्धी वेळ झाली. निवडणारे तिघे उठले, मागच्या कोर्टवर मुलांची मॅच होती तिकडं निघाले. फत्तेसिंग रुमालानं मान पुसत नागनाथजवळ आले.

"मास्तर, त्या बारीक पोरीला बॉल का देईनात तुमच्या मुली? आपसांत भांडण झालंय काय?"

नागनाथ उत्तर द्यायला वळला आणि तसाच थांबला. हा माणूस मराठीत बोलत होता. जरा जुनी, कन्नडच्या हेलातली, पण घरात रोज बोलली जाते तशी मराठी.

"तुम्हाला मराठी येतं?"

"येतं काय विचारता? आमचे लोक शहाजीराजांच्या वेळेपासून इथले, म्हणतात. घरात बायको-पोरं सगळी मराठीच की. तुम्ही माझ्याशी कन्नडात बोललात, मीपण कन्नडात बोललो."

"म्हणजे आमच्या चाली..."

"कोपरा म्हणून ओरडलात की कोपरा म्हणजे काय ते मला कुणी येऊन सांगायला पाहिजे काय?" फत्तेसिंग मनापासून हसले. "आधी वाटलं, फसवायला ओरडताय. मग बघितलं, जे ओरडता तेच करता. मी आमच्या रक्षिताला म्हटलंसुद्धा, हे मास्तर फार सरळ माणूस दिसतात. ती बया ते त्या बारकीला सांगून मोकळी झाली. मैत्रिणी ना दोघी." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "त्या दिवशी शहाळ्याच्या गाडीमागं उभे होतात. हाक मारणार होतो. म्हटलं सरी, असू दे, लाजतील."

बातमी फुटली होती खरी, पण तिकडून इकडं. होसकोट्याची गोष्ट शाल्मलीनं त्याला आणून दिली होती, मैत्रिणीचं नाव राखून, आणि त्यानं तिलाच चोर ठरवलं होतं. सापळ्यात सापडलं कोण, तर लावणारा. कारखान्यातले ते दोन पुणेरी साहेब त्याला आठवले, आणि आपण त्यांना मनातल्या मनात किती हसतो तेही.

तो मुलींजवळ गेला. गोल करून उभ्या होत्या, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाची माफी जशी वाकडीतिकडी निघते तशीच त्याची निघाली. "माझं चुकलं. त्यांच्या कोचना मराठी येतं. शाल्मलीनं काही केलेलं नाही."

शाल्मलीनं मान वर केली. "काय नाही केलं मी, सर?"

तिला काही माहीतच नव्हतं, हे तोवर त्याच्या लक्षात आलं नव्हतं. सिद्धी गोंधळून म्हणून गेली, "पण सर, तुम्हीच म्हणालात ना, हिला पास देऊ नका. हिनं आपल्या चाली त्यांना सांगितल्या असं वाटलं होतं का तुम्हाला?"

नागनाथनं होय म्हटलं. म्हणावंच लागलं. शाल्मलीनं त्याच्याकडे बघितलं, मग ती खाली बसली आणि बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

"मी आता ओरडणार नाही," नागनाथ म्हणाला. "चालबिल काही नाही. पांगून उभ्या राहा, बॉल दिला की पळा, आणि मोकळीला द्या. एवढंच."

दुसऱ्या अर्ध्यात बेंचवरून आवाज नाही. फत्तेसिंगांनी दोनदा वळून बघितलं, की मास्तरांचा घसा बसला काय. पहिलाच पास शाल्मलीला गेला आणि ती मोकळीच होती. तिच्याकडून तिसरीला, तिसरीकडून सिद्धीला, बास्केट. रक्षिता धावत शाल्मलीकडे परत आली, तर सिद्धी सुटली. सिद्धीला धरलं तर कोपरा रिकामा. कुणी सांगत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं, बॉल आपला मोकळ्या हाताकडे जात होता. असा खेळ नागनाथनं शिकवला होता पण बघितला नव्हता.

शेवटी शेवटी होसकोटे एका गुणानं पुढं होतं आणि बॉल शाल्मलीच्या हातात. समोर बास्केट, जागाही होती. चांगला शॉट होता. तिनं बेंचकडे बघितलं नाही. रक्षिता झेपावली तेव्हा तिनं खालून बॉल सिद्धीला दिला, ज्या सिद्धीनं अर्धी मॅच तिला दिला नव्हता तिला, कारण सिद्धी आणखी मोकळी होती. सिद्धीनं टाकला. शिट्टी वाजली. मंडळाचे लोक कोर्टवर धावले, कुणीतरी नागनाथला उचलायला बघत होतं.

निवडणारे मागच्या कोर्टवरून परत आले ते नावं सांगायलाच. रक्षिता, होसकोट्याचीच आणखी एक, आणि मंडळाची सिद्धी. शाल्मलीचं नाव नव्हतं. कसं असणार? तिच्या हातात बॉल आला तेव्हा ते इथं नव्हतेच. नागनाथ त्यांच्या मागं गेला, हात जोडून म्हणाला, साहेब, चूक माझी होती, त्या मुलीला एकदा बघा. त्यातला एक जण सभ्यपणे म्हणाला की प्रत्येक कोच असंच म्हणतो, आणि त्यांनी गाडीचं दार लावलं. शाल्मलीची आई लांबून हे बघत होती.

आठवडाभर तो कारखान्याच्या बसमध्ये तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होता. शालननं ओळखलं. ती एवढंच म्हणाली, "तिला सांगा. मला सांगून काय उपयोग?"

शनिवारी शाल्मली आली ती चपला घालून. सराव संपेपर्यंत कठड्याला टेकून उभी राहिली. मुली गेल्यावर जवळ आली.

"सर, मी होसकोट्याच्या टीममध्ये जातेय. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून सांगायला आले."

नागनाथ जुळवलेलं सगळं विसरून गेला. "माझं चुकलं, शाल्मली," तो म्हणाला. "तू आधीच सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. जाऊ नकोस." जाऊ नकोस असं त्यानं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला तुमच्याकडेच खेळायचं होतं, सर. पण आता मी मोकळी असले ना, तरी मनात येत राहणार, बॉल येईल की नाही. मुद्दाम देत नसतील का. तसं पळता नाही येत."

ती वाकून त्याच्या पाया पडली, बॅग खांद्याला लावली आणि दोन पावलं जाऊन वळली.

"आणि सर, आपल्या चाली मी तिकडं नाही सांगणार."

नागनाथनं हे विचारलं नव्हतं. पण ती होसकोटे म्हणाली त्या क्षणी पहिलं तेच त्याच्या मनात आलं होतं, आणि ती तेव्हा त्याच्या तोंडाकडेच बघत होती.